आमच्या घरी, म्हणजे याशला

दुबईतल्या करामा भागात आम्ही राहायचो त्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्यातून एक बाई भर जुलैत कोपरापर्यंत काळे जाळीदार हातमोजे घालून खाली उतरायच्या. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, सगळी दुनिया एसीत बसलेली. बाई मात्र सावकाश उतरायच्या, खालच्या कॅफेटेरियाच्या दारात उभ्यानेच बिनदुधाचा सुलेमानी चहा प्यायच्या, गल्ल्यावरच्या मालकाला किंचित मान लववून ‘पाहार्निक’ म्हणायच्या आणि मेट्रोकडे चालू लागायच्या. मालक केरळचे, शांत स्वभावाचे. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ये पाहार्निक क्या होता है? गाली है क्या?"

मलाही ठाऊक नव्हतं. मी बाईंनाच विचारलं. त्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "राजाच्या पेल्याची व्यवस्था बघणारा सरदार. दरबारातला मोठा मान आहे. त्यांना नीट समजावून सांगा." मी सांगितलं. त्या दिवसापासून मालक त्यांच्या चहात पुदिन्याची काडी घालू लागले.

अशी आमची ओळख झाली. त्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. रोमानियाच्या. साठीकडे झुकलेल्या, एकट्या. एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत चहाच्या वेळी पियानो वाजवायच्या. दारावरच्या बेलखाली त्यांनी नुसतं ‘मादाम’ लिहून ठेवलं होतं, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना मादाम म्हणायची. त्यांचं खरं नाव मला पुढे कळलं, पण ते वापरायची सवय कधी झाली नाही.

रोमानिया म्हणजे रोमच्या आसपास काहीतरी असेल, इतकंच माझं भूगोलाचं ज्ञान. मादामनी ते पुष्कळ वाढवलं, पण एकाच बाजूनं. आजच्या रोमानियात रस्ते कसे आहेत, तिथं पगार किती मिळतो, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या सांगायच्या ते दोनशे वर्षांपूर्वीचं, आणि असं सांगायच्या की जणू कालच तिथून निघून आल्यात. सुरुवात ठरलेली असायची. "आमच्या घरी, म्हणजे याशला..." याश हे त्यांचं गाव. एके काळची राजधानी.

आमच्या घरी, म्हणजे याशला, जहागीरदार मंडळी डोक्यावर भोपळ्याएवढ्या लोकरी टोप्या घालायची. जेवढा हुद्दा मोठा तेवढी टोपी मोठी. बग्गीत बसताना टोपी दारातून जायची नाही, मग ती काढून मांडीवर घ्यायची. या जहागीरदारांना तिकडं बोयार म्हणत. दिवाणखान्यात बोयार तुर्की पद्धतीचे पायघोळ झगे घालून गाद्यांवर मांडी घालून हुक्का ओढत बसलेले, आणि त्यांच्याच बायका पॅरिसहून मागवलेल्या गाउनमध्ये, दंड उघडे टाकून, रशियन अधिकाऱ्यांबरोबर वॉल्ट्झ नाचतायत. नवरे बघतायत. एकाच खोलीत दोन शतकं बसलेली असायची, असं त्या म्हणायच्या. पाहुणा आला की आधी चांदीच्या चमच्यात गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा आणि सोबत थंड पाण्याचा पेला. मी म्हटलं, हा तर आमचा गुलकंद. त्यांनी ते मनावर घेतलं आणि लुलू सुपरमार्केटमधून गुलकंदाची बाटली आणली. एक चमचा तोंडात घेऊन बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "नातेवाईक आहे. सख्खा नाही."

त्या घरांतल्या मुली आपसांत फ्रेंच बोलायच्या, पाद्र्याशी ग्रीक, आणि रोमानियन फक्त नोकरांशी. हे ऐकून मी हसले. माझी लेक तेव्हा सात-आठ वर्षांची होती. मी मराठीत हाक मारली की "कमिंग, आई" म्हणून उत्तर द्यायची. मादाम म्हणाल्या, "हसू नका. मोठी घरं अशीच होतात. आधी भाषा जाते, मग जमीन."

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. दिवाणखान्याचा पडदा हातानं सारताना किती जड लागायचा ते त्या सांगायच्या. चहाचं पाणी उकळायच्या समोवारची मूठ किती तापते, बर्फात भिजलेले ओव्हरकोट कुठं टांगायचे, कुत्रं कुठल्या उंबऱ्यावर झोपायचं, तेही सांगायच्या. पण त्या गाद्यांवर बसल्यावर कसं वाटायचं, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

हॉटेलात त्यांच्याबद्दल तक्रारी असायच्या. एकदा एक अरब गृहस्थ खूष होऊन त्यांच्या पियानोवर शंभराची नोट ठेवून गेले. मादामनी वाजवता वाजवता कोपरानं ती अशी सरकवली की नोट खाली गालिच्यावर पडली. ती तिथंच राहिली. शेवटी वेटरनं उचलली. मॅनेजरनं बोलावून विचारलं तर म्हणाल्या, "पेटीत टाकू देत, पाकिटात देऊ देत, मी धन्यवाद म्हणेन. वाजवत असताना नको." मला वाटलं, खानदानी माणसाचा ताठा.

*

त्यांच्या घरी एक इलेक्ट्रिक कीबोर्ड होता. त्यावर त्यांचा राग होता. "हा इस्त्रीचा टेबल आहे," म्हणायच्या. एक दिवस त्यांनी ऐकलं की अल क्वोजमधल्या एका जुन्या फर्निचरच्या गोदामात कुणा गोऱ्या कुटुंबानं जाताना सोडलेला उभा पियानो पडून आहे. मला घेऊन गेल्या, कारण गोदामातली माणसं हिंदी बोलणारी. प्रत्यक्षात ती निघाली आमची मराठीच. खेड-चिपळूणकडची पाच-सहा माणसं, आणि त्यांचे एक मुकादम, ज्यांना सगळे मामा म्हणत.

पियानो सोफे आणि गाद्यांच्या ढिगामागे होता. मादामनी धूळ पुसली, एक पट्टी दाबली, आणि कान लावून तो सूर विरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग दुसरी. बाकी काही बघितलं नाही. "यल्ला," म्हणाल्या, "घरी न्यायचा."

टेम्पो आमच्या बिल्डिंगखाली आला तेव्हा कळलं की पियानो लिफ्टमध्ये जात नाही. मामांनी दोन बाजूंनी माप घेतलं आणि मला म्हणाले, "ताई, ह्यो काय मावायचा नाय. खांद्यावरनं न्यायला लागंल." तिसरा मजला, अरुंद जिना, वर उकाडा. मी मनात म्हटलं, झालं.

मादामनी मला विचारलं, ही माणसं जेवली आहेत का? मी विचारलं. नव्हती. मग त्यांनी कॅफेटेरियात सगळ्यांना बसवून जेवू घातलं. पियानो फुटपाथवर, चादरीखाली, आणि आम्ही आत पराठा-भाजी खातोय. मामा सारखे म्हणत होते, "बाई, काम झाल्यावर खाऊ की." मादामना ते मान्य नव्हतं.

मग पियानो चढला. प्रत्येक वळणावर आडवा, तिरका, कधी नुसता हातांवर. मादाम पुढे उलट्या चालत होत्या, भिंत आणि पियानोचा कोपरा यांच्यामध्ये स्वतःची उशी धरून. मामांनी सांगितलं, बाजूला व्हा, लागेल. त्या झाल्या नाहीत.

वर पोचल्यावर माणसं घामानं निथळलेली, निघायच्या बेतात. मादाम दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बसा. पहिलं वाजवणं उचलणाऱ्यांसाठी." मी हे मराठीत सांगितलं तेव्हा ती माणसं एकमेकांकडे बघून ओशाळली. मग खाली फरशीवर बसली. एक जण पाय मळलेत म्हणून बाहेर पॅसेजमध्ये उभा राहिला. मादाम पियानोवर बसल्या, मागं बघितलं, तो बाहेर दिसला, तशा उठल्या. त्याच्या दंडाला धरून आत आणलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि मगच पट्ट्यांवर हात ठेवले.

आधी त्यांनी आपलं काहीतरी वाजवलं. मग विचारलं, तुमच्या गावचं काय? मामा म्हणाले, "काय पण वाजवा बाई." त्यांनी मान हलवली, नाही, तुमचं. मग तो खुर्चीतला जो होता, त्यानं जरा घसा खाकरून शिमग्याच्या पालखीची एक चाल गुणगुणली. दोनच ओळी. मादामनी त्या एका बोटानं शोधल्या, मग दोन्ही हातांनी धरल्या, खाली ढोलासारखा ठेका दिला. बाकीच्यांनी फरशीवर हात मारायला सुरुवात केली. पियानो पार बेसूर होता. कुणाला पर्वा नव्हती. मामा डोळे पुसत होते आणि पुसतोय हे लपवत नव्हते. घर सोडून किती वर्षं झाली हे तिथं कुणी कुणाला विचारलं नाही.

मी पुढं एकदा मादामना विचारलं, असं का केलंत? म्हणाल्या, "आमच्या घरी, म्हणजे याशला, पियानो व्हिएन्नाहून आला होता. आधी नदीनं, मग बैलगाडीत गवतावर ठेवून, चिखलातून. आणि मग सहा माणसांनी उचलून दिवाणखान्यात."

*

मग शुक्रवारच्या बैठका सुरू झाल्या. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. दुपार कलली की मादामच्या हॉलमध्ये आठ-दहा माणसं. मजल्यावरचे शेजारी, हॉटेलातली एक फिलिपिनो बाई, पाहार्निक साहेब थर्मास घेऊन, मी आणि लेक. त्या याला ‘सलोन’ म्हणायच्या. माझ्या नवऱ्याला आधी वाटलं, केस कापायचं दुकान. नियम कडक होते. मोबाइल चपलांशेजारी ठेवायचा. वाजवताना बोलायचं नाही. संपल्यावर टाळ्या नाहीत. "टाळी वाजवली की मागच्या सुराचा शेवट तुटतो," म्हणायच्या. मग त्या गप्पपणात चमच्याचमच्यानं मुरंबा वाटायच्या आणि याशच्या गोष्टी सांगायच्या. आमच्यापैकी कुणी कधी बर्फ सोडा, कडाक्याची थंडीही धड पाहिलेली नव्हती. तरी त्या घरच्या बग्ग्या, ती मेणबत्त्यांची झुंबरं, त्या मुलींची जर्मन मास्तरांकडून चाललेली पियानोची तालीम, हे सगळं आम्हाला आपलंच वाटायला लागलं होतं. परक्या मुलखात राहणाऱ्याला कुणाचीही आठवण चालते.

त्या हिवाळ्यात माझी आई मिरजेहून व्हिजिट व्हिसावर आली. आई स्वतः गाणं शिकली नाही, पण जन्म मिरजेत गेला, दर्ग्याच्या उरुसातलं आणि घरोघरच्या बैठकांतलं गाणं ऐकत कान पिकलेला. मी तिला शुक्रवारी घेऊन गेले. तिनं पियानोकडं बघून मला हळूच सांगितलं, "पेटीचा मोठा भाऊ दिसतोय." मग पदर सारखा करून बसली.

मादामनी त्या दिवशी एक चाल वाजवली, जी त्या हॉटेलातही कधी कधी शेवटी वाजवायच्या. संथ, ठेक्याशिवाय, एकेका सुराभोवती घोटाळणारी. आईनं डोळे मिटले. संपल्यावर नियम मोडून मोठ्यानं म्हणाली, "हा भैरव नव्हे. पण भैरवाच्या गावचा आहे."

मादामनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. त्या आईकडे वळल्या आणि इंग्रजीत, हातवारे करत सांगू लागल्या की या गाण्यात त्यांच्याकडे एक शब्द असतो, ‘दोर’. त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत शब्द नाही.

"दोर?" आई म्हणाली. "आपला दोर? बांधायचा?"

मी विचारलं. मादाम म्हणाल्या, नाही नाही, एखादं माणूस किंवा गाव लांब असलं की इथं, छातीत, काहीतरी खेचल्यासारखं होतं ते.

"म्हणजे ओढ," आई म्हणाली. "मग बरोबरच आहे. दोराशिवाय ओढ लागेल कशी?"

हे मला दोनदा समजावून सांगावं लागलं. कळल्यावर मादाम इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग आईनं आणखी एक गोष्ट विचारली, "त्यांना विचार, हे मुळात पेटीवरचं नाही ना? हे कुणीतरी गात असणार, नाहीतर सारंगी असणार. दोन पट्ट्यांच्या मधला सूर त्या शोधतायत, तो त्या पेटीत नाहीच."

मी विचारलं. मादामचं हसू थांबलं. "व्हायोलिन," एवढंच म्हणाल्या, पियानोचं झाकण लावलं आणि मुरंबा आणायला आत गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या.

आई आणि त्या यांची मग गट्टी जमली. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. तरी मी ऑफिसातून यायचे तेव्हा दोघी आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या असायच्या आणि आपापल्या भाषेत बोलत असायच्या. काय बोलता, विचारलं तर आई म्हणायची, "तुला काय करायचंय?"

*

आई परत जायच्या आधीच्या एका शुक्रवारी बैठकीला नवी पाहुणी आली. रोमानियनच. चाळिशीची, देखणी, साधेच पण महागाचे कपडे. तिचा नवरा कुठल्याशा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला मरीनाला. हॉटेलच्या लॉबीत तिनं ती संथ चाल ऐकली होती, आणि चौकशी करत करत ती थेट करामात पोचली होती. सोबत मोठा फुलांचा गुच्छ. आपल्या भाषेत बोलायला माणूस मिळालं म्हणून मादाम खुलतील असं मला वाटलं. पण त्या जरा जास्तच नम्र झाल्या. मला ते खटकलं.

पाहुणीनं तीच चाल पुन्हा ऐकवायची विनंती केली. मादामनी वाजवली. संपल्यावर गप्पपणा पाळायचा असतो हे तिला माहीत नव्हतं. ती आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत, अगदी प्रेमानं म्हणाली, "ही आमच्या घराण्याची चाल आहे. माझ्या पणजीच्या आजीला अर्पण केलेली. व्हिएन्नाला छापली होती, मुखपृष्ठावर तिचं नाव. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सगळ्या मुली ही शिकतात, मीही शिकले. तुम्हाला कुठं मिळाली? आणि यातल्या इतक्या हरकती तर छापील प्रतीत नाहीत."

"नाहीत," मादाम म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला त्या ऐकू आल्या नाहीत."

पाहुणी हसली. "तुम्हीही याशच्या ना? कुठलं घराणं?"

मादामनी पियानोवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता त्या एखादं भारदस्त नाव सांगतील. आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो, खरं तर अभिमानानं.

"तुमचंच," त्या म्हणाल्या. "तुमच्या पणजीच्या आजीला लग्नात माहेरून पियानो मिळाला. त्याच्याबरोबर घोडे मिळाले, चांदीची भांडी मिळाली, आणि माणसं मिळाली. त्यात एक व्हायोलिन वाजवणारा होता. तो माझा खापरपणजा. आम्ही रोमा, म्हणजे जिप्सी. तेव्हा तुमच्याकडे आम्हाला विकत घेता यायचं."

मादाम पुढं सांगू लागल्या.

"पियानो दिवाणखान्यात ज्या सहा जणांनी नेऊन ठेवला, त्यात तो होता. तोवर त्या खोलीत तो वाजवायचा. दाराशी उभं राहून. बोयार खूष झाले की नाणं थुंकीनं ओलं करून त्याच्या कपाळाला चिकटवायचे. वाजवताना ते पडू द्यायचं नाही, अशी गंमत होती. पियानो आल्यावर जर्मन मास्तर आले. मास्तरांनी त्याला स्वयंपाकघरात बसवून ही चाल पुन्हा पुन्हा वाजवायला लावली आणि लिहून घेतली. मग ती चाल बाईसाहेब पियानोवर वाजवू लागल्या आणि त्याला आवारात धाडलं. चालीबद्दल त्याला एक जुना कोट मिळाला. तो मात्र चांगला होता म्हणे, पुष्कळ टिकला."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगितलं नाही. मी म्हणायचे, आमचं घर. आम्ही त्या घराचेच होतो. घोड्यांसारखे."

पाहुणीचा चेहरा उतरला होता. ती त्यांच्या भाषेत हलक्या आवाजात काहीतरी बोलली. मादामनी आम्हाला सांगितलं, "ती म्हणते, तिला हे माहीत नव्हतं." मग तिला म्हणाल्या, "तुम्हाला कोण सांगणार होतं?" त्यात राग नव्हता. दमलेपण होतं.

पाहुणी उठली. दाराशी गेल्यावर तिनं विचारलं, "एकदा पुन्हा वाजवाल? तुमच्या हरकतींसकट?"

"आज नाही," मादाम म्हणाल्या.

ती गेल्यावर एकेक जण चपला घालू लागला. आई एवढा वेळ माझ्याकडे बघत होती. मी तिला थोडक्यात सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, उठली आणि पियानोच्या बाकावर मादामच्या शेजारी जाऊन बसली. त्या चालीची पहिली ओळ गुणगुणायला लागली. तिसऱ्या सुराला चुकली. मादामनी मान हलवली, आणि स्वतः गाऊन दाखवलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा गाण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. घोगरा, जुना, हॉटेलात अजिबात न चालणारा. आईनं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकली. त्यांनी पुन्हा सांगितलं. आम्ही दोघींना तिथंच सोडून दार ओढून घेतलं.

*

त्यानंतरही सलोन चालू राहिला, पण गोष्टी बदलल्या. दिवाणखाना मागं पडला आणि स्वयंपाकघर पुढं आलं. मुलींना चोरून पोळीचा तुकडा देणारी आचारीण, हिवाळ्यात तारा तुटू नयेत म्हणून व्हायोलिन पोटाशी धरून झोपणारा म्हातारा, गुलामीतून सुटकेची दवंडी पिटल्यावरही कुठं जायचं हे न कळल्यामुळं आठ दिवस अंगणात तसेच बसून राहिलेले लोक. मला आधीच्या बग्ग्या आणि झुंबरं आठवायची. मी एकदा तसं म्हटलंही. मादाम म्हणाल्या, "मलाही आठवतात. तीच तर गंमत आहे. ज्या खोलीत आम्हाला बसू दिलं नाही, तिचीच मला सगळ्यात जास्त ओढ." ‘ओढ’ हा शब्द त्यांनी मराठीतच वापरला. आईनं शिकवला होता.

आम्ही पुढं शारजातल्या अल नहदाला राहायला गेलो. मोठा फ्लॅट, लेकीची शाळा जवळ. शुक्रवारी करामाला जायचं ठरवायचो, पण एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलं की दोन तास तिथंच. जाणं महिन्यावर गेलं, मग सणावारावर. मग सुट्टीच शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार हा शुक्रवार राहिला नाही.

एक दिवस मादामचा फोन आला. हॉटेलनं नवा पियानो आणला होता, आपोआप वाजणारा. बाकावर कुणी नाही आणि पट्ट्या खाली-वर होतात. पाहुणे त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी विचारलं, कसा वाजवतो? म्हणाल्या, "छान वाजवतो. कुणाकडे बघत नाही, एवढंच." करार संपला, व्हिसाही संपायला आला. "खलास," म्हणाल्या. त्यांचा पियानो त्यांनी आमच्याकडे पाठवला. अल नहदाच्या टॉवरला सामानाची वेगळी लिफ्ट आहे. दोन माणसांनी चाकांवर ढकलत आणला, पावतीवर सही घेतली आणि निघून गेले. मी त्यांना पाणी विचारेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती.

एअरपोर्टवर मादाम हातमोजे घालून उभ्या होत्या. बॅगा दोनच. मला म्हणाल्या, "तुमच्या आईला सांगा, तिसरा सूर अजून चुकतोय. मला फोनवर ऐकू येतं." म्हणजे दोघी फोनवर बोलत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

कधी संध्याकाळी बाल्कनीत उभी राहिले की खाली दुबईकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे लांबवर दिसतात. मला मिरज आठवावी ना? मला करामातला तो हॉल आठवतो, आणि मी कधीच न पाहिलेलं याश आठवतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. याशचं ते बोयारांचं घर आता म्युझियम आहे. त्याच गावात वाढून, आता परत तिथंच राहायला जाऊनही त्या कधी आत गेल्या नव्हत्या. एक दिवस तिकीट काढून, पुढच्या दारानं, शाळेच्या सहलीबरोबर आत गेल्या. गाइड कोवळी मुलगी होती. दिवाणखान्यात तिनं सांगितलं, इथं घरच्या बाईसाहेब पियानो वाजवायच्या. मग त्या सगळ्या बाईसाहेबांची नावं सांगितली. आणि त्या कोपऱ्यात जिप्सी वादक उभे राहायचे, असंही म्हणाली.

मादामनी हात वर केला. "त्यांची नावं?"

"ती कुणाला माहीत नाहीत."

"मला माहीत आहेत," मादाम म्हणाल्या. आणि तिथं उभं राहून त्यांनी ती म्हटली. खापरपणजा, त्याचे भाऊ, त्यांची मुलं. आजीनं लहानपणी पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. पोरं ऐकत राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पुढच्या खोलीत गेलो सगळे. तिथं भांडी होती."

त्या बाहेर पडून फाटकापर्यंत आल्या तेव्हा ती गाइड मुलगी मागून पळत आली. धापा टाकत म्हणाली, "मला ती नावं पुन्हा सांगाल? उद्या दुसरी शाळा येणार आहे."



"सांगितली?" मी विचारलं.

"सांगितली," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडी नीट बसेपर्यंत. पाऊस लागला होता, तरी दोघी फाटकातच उभ्या होतो."